दहा लाख शब्दांत भामरागड किती?

‘मी कालच आलो.’ मराठी शाळेत शिकणाऱ्या पोराला हे इंग्रजीत सांगायला लावलं तर बऱ्याचदा उत्तर येतं, ‘आय केम यस्टरडे ओन्ली.’ मराठीतला एवढासा ‘च’ थेट इंग्रजीत जाऊन बसतो. आपण त्याखाली लाल रेघ ओढतो. पण ही एका पोराची चूक, की कोट्यवधी माणसांची रोजची रीत? मोजल्याशिवाय ते ठरत नाही, आणि त्या मोजणीचे आकडे ऐकून गरगरायला होतं.

अशी एक मोठी मोजणी आपल्या महाराष्ट्रात झाली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली भारतात छापून आलेल्या इंग्रजीतून ५०० उतारे निवडले, प्रत्येकी साधारण २,००० शब्दांचे. बातम्या, अग्रलेख, कथा, सरकारी मजकूर, सगळं त्यात आलं. एकूण शब्द १० लाख! अमेरिकेत ब्राउन विद्यापीठाने १९६१ च्या मजकुरातून असाच साठा केला होता. त्याच्याशी ताडून पाहता यावं म्हणून माप तेच ठेवलं. १९८६ मध्ये पुरा झालेला हा साठा जगभर ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणूनच ओळखला जातो. मला याचा फार अभिमान वाटतो.

मिनिटाला १५० शब्द या वेगाने तो मोठ्याने वाचायचा तर १११ तास लागतील. रोज आठ तास बसलं तरी चौदा दिवस. आता २०१३ चा ‘ग्लोब’ हा साठा घ्या. २० देशांच्या वेबपानांवरची इंग्रजी, १९० कोटी शब्द. न झोपता, न जेवता वाचत राहिलं तरी २४ वर्षं! त्यातला भारताचा वाटा सुमारे ९.६ कोटी.

एवढं कशाला? कारण शब्द सारखे वाटलेले नसतात. ब्राउनच्या १० लाखांत ‘द’ एकटाच जवळपास ७० हजार वेळा येतो. उलट निरनिराळ्या सुमारे ५० हजार शब्दांपैकी निम्म्याच्या आसपास शब्द एकेकदाच दिसतात. एकदा दिसलेल्या शब्दावरून तो योगायोग की सवय, कसं कळणार? म्हणून साठे फुगत गेले.

कोल्हापूरच्या साठ्यात फक्त छापील इंग्रजी होती. त्यानंतरच्या ‘इंटरनॅशनल कॉर्पस ऑफ इंग्लिश’मध्ये मात्र ५०० पैकी ३०० नमुने बोलण्याचे घ्यायचे ठरलं. त्याच्या भारतीय भागातही शिवाजी विद्यापीठ होतं, जोडीला बर्लिनचं एक विद्यापीठ. या बोलण्यावरून क्लाउडिया लांगे यांनी आपल्या ‘ओन्ली’चा अभ्यास केला. लाल रेघेखालचा तो शब्द २०१२ च्या पुस्तकात मानाने विषय होऊन बसला.

पण ‘इंटरनॅशनल कॉर्पस’च्या या मोजणीची एक अट आहे. बोलणारा १८ वर्षांवरचा हवा आणि शालेय शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेलं हवं. देशोदेशींच्या इंग्रजीची तुलना सारख्या पायावर व्हावी म्हणून ती घातली, हे समजतं. पण गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडच्या ज्या पोराच्या घरात माडिया, शाळेत मराठी आणि तिसरी आली ती इंग्रजी, ते पोर मोठं झालं तरी या अटीत बसत नाही. आणि २०११ च्या जनगणनेत इंग्रजी मातृभाषा सांगणारे भारतात जेमतेम २.६ लाख! म्हणजे आपली इंग्रजी जवळजवळ सगळी दुसऱ्या भाषेच्या अंगणात वाढलेली. मग माडियाच्या अंगणातली का सोडायची? माडिया, मराठी, हिंदी, तेलुगू कानांवर पडत असताना तिथे इंग्रजी कोणता आकार घेते, हे मला मनापासून ऐकायचं आहे.

तिथल्या मोजणीचा आकडा तर आवाक्यातला आहे. २,००० शब्द म्हणजे तेरा-चौदा मिनिटांचं बोलणं. भामरागड तालुक्यातल्या ५०० जणांनी तेवढं बोलायचं. झाले १० लाख. एका तासाचं बोलणं ऐकून लिहून काढायला दहा तास धरले, तरी १११ तासांचे होतात १,११० तास. रोज आठ तास, एकाच माणसाचे १३९ दिवस. दिवाळी झाली की दोघांनी मिळून बसावं. पावसाळ्यात तिथल्या पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढायच्या आत लिहून होईल.