राखणीच्या कुत्र्यांचें जेवण

शेतावर एकाहून अधिक कुत्रे राखणीस असले म्हणजे त्यांचीं भांडणें बहुधा भाकरीवरूनच जुंपतात. सर्वांस एकाच परातींत वाढणें हें त्याचें मूळ होय. दांडगा दोघांचें खातो. म्हातारा किंवा भित्रा उपाशी राहतो व रात्रीं राखण सोडून उकिरडे धुंडाळतो. यास्तव प्रत्येकास निराळें भांडें व एकमेकांच्या दृष्टीआड निराळी जागा नेमून द्यावी. वेळ सकाळ-संध्याकाळ ठराविक असावी, आणि उरलेलें अन्न लगेच उचलावें. पिलांस पाजणाऱ्या कुत्रीस नेहमींच्या दुप्पट किंवा त्याहूनहि अधिक अन्न लागतें; तिला आडोशास वाढावें. मेलेल्या मेंढरांचें कच्चें काळीज-फोपसें मात्र कोणासहि घालूं नये. त्यांतील कृमि कुत्र्यांमार्फत माणसांस बाधतात.

खाणाऱ्या कुत्र्याजवळ मुलांस फिरकूं देऊं नये. झुंज लागल्यास मध्यें हात न घालतां पाणी ओतावें. चावा बसलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें 15 मिनिटें धुवावी आणि हळद-चुना भरीत न बसतां त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. पिसाळरोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी बहुधा वांचत नाहीं. कुत्र्यांसहि दरवर्षीं लस टोंचवावी; राखणदार पाळणाऱ्याचें हें पहिलें कर्तव्य होय.