छप्पर : दुरुस्ती की बदल?

ऑस्ट्रेलियातील प्रमुख प्रकार
• मातीची कौले : 1880च्या दशकात फ्रान्समधून आयात सुरू. 50 वर्षांहून अधिक टिकतात.
• सिमेंटची कौले : वरचा रंग आधी उडतो, कौल त्यानंतरही बरीच वर्षे टिकते.
• कलरबाँड : रंगाचा लेप दिलेला पोलादी पत्रा. 1966पासून बाजारात.

दुरुस्ती पुरते
• मोजकी कौले फुटलेली.
• आढ्यावरच्या कौलांखालचे सिमेंट सुटलेले.
• पत्र्याचे स्क्रू सैल किंवा पन्हळ गंजलेली.

छप्पर बदलावे लागते
• वासे-रिपा कुजलेल्या किंवा वाळवीने पोखरलेल्या.
• आढे खचलेले.
• पत्रा ठिकठिकाणी आरपार गंजलेला.

अ‍ॅस्बेस्टॉस
• 31 डिसेंबर 2003पासून देशभर संपूर्ण बंदी.
• 1990पूर्वी बांधलेल्या घरांत असण्याची शक्यता.
• बहुतेक राज्यांत 10 चौरस मीटरपेक्षा जास्त पत्रे केवळ परवानाधारकच काढू शकतात.

लक्षात राहिलेल्या आपत्ती
• 25 डिसेंबर 1974 : ‘ट्रेसी’ चक्रीवादळात डार्विनमधील बहुतांश घरे उद्ध्वस्त. त्यानंतर छप्पर बांधणीचे नियम कडक.
• 14 एप्रिल 1999 : सिडनीत गारपीट; हजारो घरांची छपरे फुटली.