बुरशीवर सुगंधी तेलांचा उतारा

पावसाळ्यात जबलपूरच्या गोहलपुरसारख्या दाट वस्तीत कपडे नीट वाळत नाहीत आणि नायट्याला ऊत येतो. बहुतेक जण दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणतात. त्यानं खाज थांबते, पण बुरशी आतून फोफावते. देशभर पसरलेल्या चिवट गजकर्णामागच्या बुरशीला 2020 मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनीई’ असं स्वतंत्र नाव मिळालं. तिच्यातले कित्येक वाण टर्बिनाफिन या हुकमी औषधालाही जुमानत नाहीत. ओवा, लवंग, गवती चहा यांच्या तेलांकडे संशोधक पुन्हा वळले आहेत, त्याला हेही एक कारण आहे.

बुरशी मारणं अवघड, कारण तिची पेशी जिवाणूपेक्षा आपल्या पेशीच्या जवळची. मोठा फरक दोनच ठिकाणी सापडतो. तिच्याभोवती कायटिन आणि ग्लुकनची भिंत असते, आणि पेशीपटलात आपल्या कोलेस्टेरॉलच्या जागी एर्गोस्टेरॉल असतं. बाजारातली बहुतेक औषधं याच जागांवर घाव घालतात, आणि तेलातली द्रव्यंही बरीचशी तिथेच पोचतात. ओव्यातलं थायमॉल स्निग्ध पटलात शिरतं, पटल गळू लागतं आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. लवंगेतलं युजेनॉल एर्गोस्टेरॉल तयार होण्यातच अडथळा आणतं. दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड मात्र वेगळ्या वाटेनं जातं: प्रथिनांमधल्या गंधकयुक्त गटांना चिकटून ते त्यांचं काम बंद पाडतं. एकाच तेलात अशी अनेक द्रव्यं असल्यामुळे बुरशीला त्या सगळ्यांविरुद्ध एकदम प्रतिकार कमावणं जड जात असावं. हा तर्क मला पटतो, पण अजून तो तर्कच आहे.

मराठी मुलखातलं या विषयावरचं भक्कम काम नांदेडचं. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या झोरे, करुप्पयिल आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये ‘कॅन्डिडा’ या यीस्ट प्रकारच्या बुरशीवर सहा सुगंधी द्रव्यं तपासली. नमुने 48 होते, आणि फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाला ते सारखेच बळी पडणारे नव्हते. त्या सहांपैकी लिनालूल आणि सिट्रल यांनी 0.064 टक्के किंवा त्याहून कमी मात्रेत सगळ्यांची वाढ रोखली. मारक मात्रेत लिनालूल आणि युजेनॉल यांनी सात मिनिटांत 99.9 टक्के पेशी संपवल्या. सिट्रलला दोन तास लागले. फ्लुकोनाझोल कॅन्डिडाची वाढ सहसा फक्त थोपवून धरतं, हे लक्षात घेतलं म्हणजे या सात मिनिटांचं मोल कळतं. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं निरीक्षण: फ्लुकोनाझोलला न जुमानणाऱ्या वाणावर ही द्रव्यं त्याच औषधाच्या जोडीनं दिली, तेव्हा दोघांचीही कमी मात्रा पुरली. निकामी ठरत चाललेल्या औषधाला जोडीदार मिळणं, ही या तेलांची खरी शक्यता.

मध्य भारत आणि खानदेशातल्या रोशा गवताचं तेलही याच घराण्यातलं. त्यात मुख्यतः जिरॅनिऑल असतं. एकोणिसाव्या शतकात ते मुंबईमार्गे तुर्कस्तानला जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जाई. भेसळीचा माल म्हणून मिरवलेल्या या तेलाचे बुरशीविरोधी गुण मागाहून प्रयोगशाळेत दिसले.

धान्याच्या कोठारात या तेलांना जास्त वाव आहे. 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर, बांसवाडा आणि पंचमहाल भागात, बुरशी लागलेला मका खाऊन 397 माणसं आजारी पडली आणि 106 दगावली. दोष ‘अ‍ॅस्परजिलस’ बुरशीच्या अफ्लाटॉक्सिनचा होता. बनारस हिंदू विद्यापीठातल्या प्रयोगांत काही तेलांनी बुरशीची वाढ थांबवायला लागते त्याहून कमी मात्रेत हे विष तयार होणंच रोखलं. शिवाय तेलाची वाफ बंद डब्यात दाण्यादाण्यापर्यंत पोचते, फवारा पोचत नाही. अडचण इतकीच की वाफ उडून जाते आणि धान्याला वास राहतो. म्हणून तेल सूक्ष्म कुपीत बंद करून हळूहळू सोडण्याचे प्रयोग चालू आहेत.

त्वचेवर मात्र सबुरी हवी. काचेच्या नळीत बुरशी मारणारी मात्रा कातडीवर आग करू शकते, आणि दालचिनीच्या तेलाची अ‍ॅलर्जी चांगलीच ओळखीची आहे. तेव्हा निव्वळ लवंगेचं वा दालचिनीचं तेल नायट्यावर चोळू नका. आणि दुकानातून आणलेल्या मलमाच्या नळीवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन अशा स्टेरॉइडचं नाव लिहिलेलं असेल, तर ती नळी घेऊन आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.