गोठलेले कडे का ढासळतात?

• पर्माफ्रॉस्ट : सलग किमान २ वर्षे शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहिलेली जमीन वा खडक.

• कारण : भेगांतला बर्फ खडक सांधून धरतो. तापमान शून्याजवळ आले की वितळण्याआधीच त्याची पकड सैल होते. पुढे भेगांत पाणी साचून दाब वाढतो.

• वेळ : उन्हाळ्याची उष्णता वरच्या काही मीटरांतच मुरते, लहान दरडी तेव्हाच पडतात. खोलवर ती पोचायला वर्षे, दशके लागतात. त्यामुळे मोठे कडे कोणत्याही ऋतूत सुटू शकतात.

• हिमनदी : ती आटली की तिने टेकू दिलेले उतार उघडे पडतात.

• आल्प्समधील घटना :
जुलै २००३ – मॅटरहॉर्नच्या हॉर्न्ली धारेवर दरड. गिर्यारोहकांची हेलिकॉप्टरने सुटका.
जून २००५ – फ्रान्समधील ड्रू शिखराचा बोनाती स्तंभ कोसळला.
ऑगस्ट २०१७ – स्वित्झर्लंडमधील पित्स चेंगालोवरून सुमारे ३० लाख घनमीटर खडक सुटला. ८ पदभ्रमणकर्त्यांचा बळी, बोंदो गावात दगड-चिखलाचा लोंढा.

• सह्याद्रीशी फरक : इथे पर्माफ्रॉस्ट नाही. माळीण (२०१४) आणि इर्शाळवाडी (२०२३) येथील दरडी मुसळधार पावसात कोसळल्या.