एपिडॉरसची दोन टोकं

ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या उघड्या नाट्यगृहाची ख्याती तिथल्या आवाजाची. खाली रंगभूमीवर बोललेलं पार वरच्या रांगेपर्यंत पोचतं, म्हणून जगभरचे लोक तिथे येतात. मला मात्र जास्त थक्क करतात त्या बैठकांच्या दोन टोकांच्या भिंती. त्यांच्याकडे फारसं कुणी पाहत नाही.

इ.स.पूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस डोंगरउतारावर हे नाट्यगृह बांधलं गेलं. आधी 34 रांगा होत्या, पुढे वर आणखी 21 चढल्या. 13-14 हजार माणसं मावतील एवढा हा पसारा. मधल्या रांगांना डोंगराचाच आधार आहे. पण बैठकांचा घेर अर्धवर्तुळाच्याही पुढे येतो आणि त्या टोकांखाली डोंगर नाही, भराव आहे. तो थोपवायला दोन्हीकडे संरक्षक भिंती घातल्या. घाटरस्त्याने पावसाळ्यात जाणाऱ्याला पुढचं सांगायला नको. भरावात पाणी मुरलं की माती जड होते, भिंतीला रेटते, आणि भिंत गेली की तिच्या भरवशावरचं सगळं खाली येतं. म्हणूनच बांधणाऱ्यांनी वर्तुळाकार रंगभूमीभोवती दगडी पन्हळ ठेवली. बैठकांवरून उतरणारं पाणी तिच्यातून बाहेर जातं.

1881 मध्ये पानागिस काव्वादियास यांनी उत्खनन सुरू केलं. शतकानुशतकं साचलेल्या मातीने मधल्या रांगा जपल्या होत्या. टोकं मात्र ढासळली होती. 1907 मध्ये त्यांनी पहिली डागडुजी केली. मोठं काम झालं ते 1954 ते 1963 या काळात, अनास्तासिओस ऑर्लांडोस यांच्या देखरेखीखाली. भिंती पुन्हा उभ्या राहिल्या आणि त्यांच्या आधाराने टोकाच्या रांगाही. यात नुसते चौकोनी चिरे बसवून भागत नाही. इथल्या प्रत्येक बैठकीचा दर्शनी भाग खाली आत कोरलेला आहे, बसणाऱ्याला पाय मागे घेता यावेत म्हणून. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने प्रेक्षकाच्या टाचांचा एवढा विचार केला होता!

हे चालू असताना नाटकंही चालू होती. 1960 मध्ये गायिका मारिया कॅलासच्या ‘नॉर्मा’ या ऑपेराचा पहिला प्रयोग पावसाने रद्द झाला, तोही दुरुस्तीच्याच वर्षांत. 1988 पासून एक खास समिती इथल्या वास्तूंची निगा राखू लागली. आणि आज तिकीट काढून येणाऱ्यांना एक अट पाळावी लागते: उंच, टोकदार टाचांची पादत्राणं घालून या दगडांवर चढायचं नाही.