मालमोटारीवरील जादा दिव्यांची जोडणी

आंबीसारख्या मावळातील गावी भाताची झोडणी लांबली म्हणजे पोती व पेंढा रात्रीच मालमोटारीत भरावा लागतो. त्याकरिता मागे दोन जादा दिवे सोयीचे पडतात. परंतु ते मूळ तारेस नुसता पीळ देऊन जोडणे आम्हांस धोक्याचे वाटते. 60 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टच्या बॅटरीवर 10 अँपिअर, तर 24 व्होल्टच्या बॅटरीवर 5 अँपिअर प्रवाह घेतात. असा भार पडून मूळ तार तापली, तर वर पेंढाच असतो!

यास्तव रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारी कळ, व फ्यूज यांकरिता 3 मिलिमीटर जाड लोखंडी पट्टीचा स्वतंत्र आधार करावा. चासीस नवे भोक पाडू नये. असलेल्या भोकातच बोल्ट आवळावा. रिलेची टोके खाली ठेवून तारेस खालच्या बाजूने झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोलावरूनच गळून जाते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. दूर ठेवल्यास मधली तार उघडी पडते. 10 अँपिअरला 15 अँपिअरचा फ्यूज व अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. अर्थची जागा रंग खरवडून स्वच्छ करावी. कामापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे.

रस्त्यावर धावताना मागील पांढरे दिवे बंदच ठेवावे. मागून येणाऱ्याचे डोळे त्याने दिपतात, व कायद्यासही ते मान्य नाही.