शून्याची काटकसर

ब्रिटनमध्ये १९८२ साली निघालेला सिंक्लेअर स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने पुढे ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने भारतात आणला. घरातील दूरचित्रवाणी संच हाच त्याचा पडदा, आणि गाणी ऐकण्याचा टेपरेकॉर्डर हीच त्याची कोठी! स्मृती अवघी ४८ किलोबाइट. तेव्हा काटकसर आलीच. बेसिक भाषेत साधे शून्य लिहिले तरी सात बाइट खर्ची पडत, कारण प्रत्येक संख्येमागे यंत्र स्वतःच्या हिशेबासाठी सहा बाइट गुपचूप जोडी. त्याऐवजी ‘नॉट पाय’ लिहावे. ‘पाय’ शून्य नाही, म्हणून त्याचा नकार शून्य; आणि हे दोन्ही शब्द एकेका बाइटात मावत. पाच बाइटांची बचत!

अशा युक्त्या मासिकांतून छापल्या जात. वाचक संपूर्ण आज्ञावली ओळीमागून ओळ टंकित करीत; एखादे चिन्ह चुकले की सारी संध्याकाळ वाया. कॅसेटची नक्कल मित्राला देणे त्याहून सोपे. आज हौशी मंडळी जुन्या फितींवरील तो कर्कश ध्वनी नव्या संगणकात उतरवून एकमेकांना देतात. मात्र घरी लिहिलेली आज्ञावली बहुधा एकाच फितीवर असते, आणि फितीवरील चुंबकीय लेप दरवर्षी थोडा थोडा झडत असतो.